प्रोग्रेसिव्ह चष्मा : सवय कशाची होते, कशाची होत नाही

नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच भिंगात लांबपासून जवळपर्यंतचे नंबर असलेला, मधे रेषा नसलेला) गिऱ्हाइकाच्या हातात ठेवताना बहुतेक दुकानांत एक वाक्य ठरलेलं असतं : "काका, आठ-पंधरा दिवस जरा वेगळं वाटेल, मग सवय होईल." वाक्य खोटं नाही. हा चष्मा घेणाऱ्या बहुतेकांना त्याची सवय होते आणि मग तो काढवत नाही. पण काही चष्मे महिन्याभरात कपाटात जातात, त्यांच्या मालकांनीही हेच वाक्य ऐकलेलं असतं.

या चष्म्यात डोळ्यांना खटकणाऱ्या गोष्टी दोन जातीच्या असतात. काही भिंगाच्या रचनेतच असतात. त्या कोणताही कारखाना काढून टाकू शकत नाही, पण मेंदू त्यांच्याशी जुळवून घेतो. बाकीच्या मापात, फ्रेममध्ये किंवा नंबरात झालेल्या चुकांतून येतात. त्यांची सवय होत नाही आणि होण्याची वाटही पाहू नये. खटकणारी गोष्ट यांपैकी कोणत्या जातीची आहे हे ओळखता आलं, की हजारो रुपयांचा चष्मा वाया जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

एका प्रवासात चार अंतरं

पनवेल स्टेशनवर सकाळी लोकल पकडणारा पन्नाशीतला माणूस घ्या. जिन्यावरून उतरताना त्याला पायरीची कड दिसायला हवी. ती डोळ्यांपासून साधारण दीड मीटरवर असते. मग गाडीची वेळ सांगणारा इंडिकेटर, दहा-पंधरा मीटरवर. डब्यात चढताना फलाट आणि पायदान यांच्यामधली फट. जागा मिळाली की हातातला मोबाइल, ३५-४० सेंटीमीटरवर. सीएसएमटीपर्यंतचं जवळजवळ ५० किलोमीटरचं अंतर काटायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो, आणि तिथे पोचल्यावर ऑफिसात ६०-७० सेंटीमीटरवरचा संगणक वाट पाहत असतो.

दहा वर्षांच्या मुलाला या सगळ्याचं काहीच वाटत नाही. त्याच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लवचिक असतं. जवळचं पाहताना ते फुगतं आणि डोळ्याची ताकद १२ ते १४ डायॉप्टरने (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) वाढवू शकतं. वयाबरोबर भिंग कडक होत जातं. पंचेचाळिशीला ही ताकद ४ डायॉप्टरच्या आसपास उरते, साठीला जेमतेम १. आता साधा हिशोब मांडा. ४० सेंटीमीटरवरचं वाचायला अडीच डायॉप्टर लागतात. डोळा आपल्या एकूण ताकदीपैकी साधारण निम्मीच सतत, न थकता वापरू शकतो. पंचेचाळिशीला ही निम्मी ताकद दोनच भरते. म्हणून पेपर हात लांब करून धरावा लागतो आणि संध्याकाळी कपाळ दुखतं. हा आजार नाही. जो जगतो त्या प्रत्येकाला हे होतं.

ही अडचण पोटापाण्याशी किती जवळची आहे, हे आसामच्या चहाच्या मळ्यांत झालेल्या एका अभ्यासात दिसलं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये तो प्रसिद्ध झाला. चाळीस वर्षांवरच्या ७५१ पानतोड्या कामगारांपैकी निम्म्यांना जवळचा साधा चष्मा दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं तोडण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. हा चष्मा प्रोग्रेसिव्ह नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. एकाच अंतरावर काम असेल, तर एका नंबरचा स्वस्त चष्मा पुरतो. अंतरं सारखी बदलत असतील, तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो.

रेषा गेली, पण फुकट गेली नाही

दोन नंबर एकाच फ्रेममध्ये बसवण्याची कल्पना जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ च्या एका पत्रात आपल्या तशा चष्म्याचं वर्णन केलं आहे : भिंगं कापून वर लांबचा अर्धा भाग आणि खाली जवळचा. आपल्याकडे दोन पिढ्यांनी जे बायफोकल वापरले, खालच्या बाजूला गोल चकती असलेले 'केटी' आणि सरळ वरच्या रेषेचे 'डी', ते याच कल्पनेचे वंशज. त्यांची अडचण दुहेरी होती. नजर रेषा ओलांडते तेव्हा वस्तू एकदम उडी मारते. शिवाय वर लांबचं आणि खाली ४० सेंटीमीटरचं दिसलं, तरी मधलं अंतर अधांतरी राहतं. संगणक घरोघरी येण्याआधी हे मधलं अंतर फारसं कुणाला अडत नव्हतं.

भिंगाची ताकद वरून खाली हळूहळू वाढवत नेली तर रेषाच उरणार नाही, हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. इंग्लंडच्या ओवेन एव्हस यांनी १९०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण ते भिंग बाजारात आलं नाही. वापरता येण्याजोगं भिंग घडवलं ते फ्रान्सच्या बर्नार्ड मेतेनाझ या अभियंत्याने. १९५९ मध्ये ते 'व्हॅरिलक्स' या नावाने विकायला आलं. त्यामागची कंपनी पुढे एसिलॉर झाली.

भिंगाच्या वरच्या भागातून लांबचं दिसतं. बाहुलीच्या समोरच्या बिंदूपासून खाली एक अरुंद पट्टा उतरतो, त्यात ताकद क्रमाक्रमाने वाढत जाते आणि तळाशी वाचनाचा पूर्ण नंबर मिळतो. या पट्ट्याला कॉरिडॉर म्हणतात. लांबच्या नंबरापेक्षा खालचा नंबर जितका जास्त, तो फरक म्हणजे 'ॲड'. चाळिशी नुकतीच लागलेल्याला साधारण एकची ॲड लागते, पन्नाशीत दोनच्या आसपास, साठीत अडीच.

इथे गणित आडवं येतं. १९६३ मध्ये गुंटर मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने सिद्ध केलं, की अशा पृष्ठभागावर खाली जाताना ताकद ज्या वेगाने वाढते, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला जाताना नको असलेला सिलिंडर नंबर, म्हणजेच धूसरपणा, वाढतो. ढोबळ आकड्यांत पाहू. दोनची ॲड १४ मिलिमीटरच्या कॉरिडॉरमध्ये वाढवायची आहे. म्हणजे दर मिलिमीटरला एक सप्तमांश डायॉप्टर. मग बाजूला सरकताना दर मिलिमीटरला दोन सप्तमांश डायॉप्टर धूसरपणा वाढणार. अर्ध्या डायॉप्टरपर्यंतचा धूसरपणा डोळा सहसा चालवून घेतो. ही मर्यादा पावणेदोन मिलिमीटरवर संपते. डावी-उजवी बाजू धरून कॉरिडॉरची स्वच्छ रुंदी भरली साडेतीन मिलिमीटर.

साडेतीन मिलिमीटरच्या या फटीतून ६५ सेंटीमीटरवरच्या संगणकाचा किती भाग एका नजरेत स्वच्छ दिसतो? सुमारे आठ-नऊ सेंटीमीटर. साधारण लॅपटॉपचा पडदा ३४ सेंटीमीटर रुंद असतो. म्हणून प्रोग्रेसिव्ह लावलेला माणूस ओळ वाचताना डोळे फिरवण्याऐवजी मान हलवतो. त्याला तसं शिकवलेलं नसतं. भिंगच त्याला तसं करायला लावतं. तळाशी वाचनाच्या भागात मोकळी जागा थोडी वाढते, मधल्या अंतराला मात्र ही चणचण कायम असते.

हेच गणित उलटं करून पाहा. एकची ॲड असेल तर त्याच १४ मिलिमीटरमध्ये ताकद निम्म्या वेगाने वाढते आणि स्वच्छ पट्टा सात मिलिमीटर होतो, म्हणजे थेट दुप्पट. पंचेचाळिशीत, लहान ॲड असताना प्रोग्रेसिव्ह सुरू करणाऱ्याला त्रास कमी का होतो, याचं उत्तर इथे आहे. मग ॲड वाढत जाते तशी पट्ट्याची अरुंदीही थोडी थोडी येते आणि डोळे बरोबर चालतात. पासष्टीला पहिल्यांदाच अडीचची ॲड घेणाऱ्याला मात्र सगळी अरुंदी एकदम पदरात पडते.

जाहिरातीत 'डिजिटल', 'एचडी', 'फ्रीफॉर्म' असे शब्द असतात. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी भिंगाचा आतला पृष्ठभाग प्रत्येकाच्या नंबरप्रमाणे कोरता येतो, हे खरं आहे, आणि त्याने क्षेत्र काहीसं वाढतं. पण मिंकविट्झचा नियम या भिंगांनाही लागू आहे. गादीवरची चादर एका कोपऱ्यात ताणून सपाट केली की सुरकुती दुसरीकडे जाते, तसा हा धूसरपणा हलवता येतो, नाहीसा करता येत नाही. काही कंपन्या तो कडेला दाटीने साठवतात, तेव्हा मधला भाग रुंद आणि स्वच्छ मिळतो पण कडा तीव्र होतात. काही तो सगळीकडे पातळ पसरवतात, तेव्हा मधला भाग थोडा अरुंद पण हलतं-डुलतं कमी जाणवतं. पहिला प्रकार दिवसभर कागदपत्रं पाहणाऱ्याला मानवतो, दुसरा सतत फिरणाऱ्याला.

जमीन हलते, ती का थांबते

पहिल्या दिवसांतली सर्वांत मोठी तक्रार अशी असते : मान वळवली की बाजूचं सगळं पोहल्यासारखं सरकतं, फरशी उंच-सखल वाटते. हे चष्म्यामुळे होतं आणि डोक्यातही होतं.

आपण मान उजवीकडे दहा अंश वळवली, की डोळे आपोआप डावीकडे दहा अंश वळतात, म्हणून जग जागच्या जागी राहतं. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाकडून येणारा संदेश आणि डोळ्यांचे स्नायू यांची ही जोडणी काही सहस्रांश सेकंदांत काम करते. चष्म्याचं भिंग प्रतिमा थोडी मोठी किंवा लहान करतं, त्यामुळे हिशोब बदलतो. साध्या चष्म्यात हा बदल सगळीकडे जवळपास सारखा असतो. प्रोग्रेसिव्हमध्ये वर एक, खाली दुसरा, कडेला तिसरा. मेंदूचा मागचा छोटा भाग, अनुमस्तिष्क, ही जोडणी नव्याने बसवतो. चूक होते, ती मोजली जाते, पुढच्या वेळी दुरुस्ती होते. हे काम जाणीवपूर्वक करता येत नाही. त्याला फक्त सराव लागतो.

मेंदू किती दूरवर जुळवून घेऊ शकतो हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९० च्या दशकात स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. जग उलटं दाखवणारी भिंगं त्यांनी आठवडाभर डोळ्यावर ठेवली. सुरुवातीला हात भलतीकडे जात होते. शेवटच्या दिवसांत ते घरात बऱ्यापैकी सहज वावरू लागले. उलट्या जगाशी जर इतकं जमतं, तर कडेच्या थोड्या धूसरपणाशी जुळणं फार अवघड नाही. अट एकच, की चष्मा सतत डोळ्यांवर हवा. सकाळी नवा, दुपारी जुना, रात्री कुठलाच नाही, असं केलं तर अनुमस्तिष्काला दर वेळी पाटी पुसावी लागते.

म्हणून सुरुवात सकाळी उठल्याबरोबर करावी आणि जुना चष्मा पेटीत बंद ठेवावा. जे पाहायचं त्याच्याकडे नाक वळवावं. पायऱ्या उतरताना नुसते डोळे खाली न करता हनुवटी छातीकडे न्यावी, म्हणजे पायरी भिंगाच्या वरच्या भागातून दिसते. पहिले काही दिवस गाडी चालवणं टाळावं. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागल्यावर बाजूच्या आरशात नुसती तिरकी नजर टाकायची आपली सवय असते, आणि नवा चष्मा नेमका तिथेच धूसर दाखवतो. मान वळवून आरसा पाहण्याची सवय झाली की ही अडचण उरत नाही. बहुतेकांची गाडी आठवड्याभरात रुळावर येते. दोन-तीन आठवड्यांत चष्मा आहे हे विसरायला होतं.

दोन मिलिमीटरची चूक

आता दुसरी जात. कॉरिडॉरची स्वच्छ रुंदी साडेतीन मिलिमीटर असेल आणि भिंग बसवताना ते बाहुलीपासून दोन मिलिमीटर बाजूला गेलं, तर डोळा पट्ट्याच्या बाहेरच पडतो. साध्या चष्म्यात एवढी चूक अनेकदा खपून जाते. प्रोग्रेसिव्हमध्ये तिला माफी नाही, आणि कितीही सराव केला तरी अनुमस्तिष्क भिंग सरकवू शकत नाही.

म्हणून मापं नीट घेतली जातात का, हे गिऱ्हाइकाने पाहावं. दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचं वेगळं मोजलेलं हवं. बऱ्याच जणांचं नाक अगदी मधोमध नसतं. नंतर निवडलेली फ्रेम नाकावर नीट बसवून, काड्या आणि नाकावरचे पॅड आधी जुळवून, मग उंची मोजायची. माप घेणाऱ्याने समोर, डोळ्याच्या पातळीवर बसायचं, गिऱ्हाइकाला सरळ समोर पाहायला सांगायचं आणि फ्रेममधल्या नमुन्याच्या काचेवर बाहुलीच्या ठिकाणी पेनाने ठिपका काढायचा. उभ्याने, काउंटरपलीकडून वाकून, नुसत्या अंदाजाने घेतलेलं माप या भिंगाला चालत नाही. १४ मिलिमीटरच्या कॉरिडॉरसाठी बाहुलीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत साधारण १८ मिलिमीटर जागा लागते. बारीक, चपट्या फॅशनच्या फ्रेममध्ये वाचनाचा भाग कापलाच जातो.

पनवेलसारख्या दमट हवेच्या गावात आणखी एक गोष्ट आड येते. मे महिन्यात किंवा भरल्या लोकलमध्ये घाम आला, की चष्मा नाकावरून दोन-तीन मिलिमीटर सहज घसरतो. साध्या चष्म्यात हे जाणवत नाही. प्रोग्रेसिव्हमध्ये वाचनाचा भाग तेवढाच खाली जातो आणि माणसाला वाटतं की नंबर चुकला. मऊ नोझपॅड आणि कानामागे नीट वाकवलेल्या काड्या, एवढ्या दुरुस्तीने काम होतं. तीही बहुतेक दुकानांत फुकट होते.

तयार चष्मा आला की काचेवर रंगीत शाईच्या खुणा असतात : बाहुलीसमोर येणारी फुली, लांबचा नंबर तपासायचा कंस, जवळचं वर्तुळ. त्या पुसण्याआधी चष्मा लावून आरशात पाहावं. दोन्ही फुल्या दोन्ही बाहुल्यांवर आल्या नसतील, तर तिथेच थांबावं. शाई पुसली तरी काचेत कायमच्या बारीक खुणा कोरलेल्या असतात. काचेवर तोंडाची वाफ सोडून ती उजेडासमोर तिरकी धरली की ३४ मिलिमीटर अंतरावरच्या दोन बारीक खुणा दिसतात. कानाच्या बाजूच्या खुणेखाली ॲड लिहिलेली असते. २०० किंवा २० असेल तर दोनची. आपल्या नंबरच्या कागदावर जी ॲड आहे, तीच काचेवर आहे का, हे कुणालाही ताडून पाहता येतं.

चूक कुठे आहे हे शरीरच सांगतं. वाचण्यासाठी हनुवटी उंचावावी लागते किंवा चष्मा बोटाने वर ढकलावा लागतो, तर भिंग खाली बसलं आहे. लांबचं पाहताना हनुवटी खाली घ्यावी लागते, तर ते वर बसलं आहे. मान एका बाजूला तिरकी केल्यावरच पुस्तक स्वच्छ दिसतं, तर पीडी तपासायला हवा. लांबचा बोर्ड कुठल्याच भागातून स्वच्छ दिसत नाही, तर नंबर पुन्हा काढायला हवा. अशा तक्रारी आठवड्याभरात कमी होत नाहीत. कडेचं सरकणं रोज थोडं कमी होतं; ही लक्षणं पहिल्या दिवशी जशी, तशीच विसाव्या दिवशी असतात. फरक ओळखायची याहून सोपी कसोटी नाही.

नंबरातली एक चूक फसवी असते, कारण ती दुकानात झकास वाटते. वाचनाचं कार्ड नाकाजवळ धरून जास्तीची ॲड दिली, की बारीक अक्षरं ठसठशीत दिसतात. पण ॲड वाढली की पट्टा अरुंद होतो, आणि घरी पेपर नेहमीच्या अंतरावर धरला की धूसर दिसतो. म्हणून तपासणीच्या वेळी आपण खरोखर ज्या अंतरावर वाचतो, शिवतो, लिहितो, ते अंतर दाखवावं. मधुमेह असलेल्यांनी साखर आटोक्यात असतानाच नंबर काढावा. साखरेत चढ-उतार झाला की डोळ्याचा नंबरही बदलतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा स्थिरावायला काही आठवडे द्यावे लागतात.

पनवेलच्या लोकांची या बाबतीत सोय बरी आहे. डॉ. सुहास हळदीपूरकर यांनी उभारलेली लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट शहरात आहे, तिच्याशी जोडलेलं ऑप्टोमेट्रीचं महाविद्यालय आहे, आणि शंकरा आय हॉस्पिटलही आहे. ऑप्टोमेट्री हा आपल्याकडे पदवी अभ्यासक्रम आहे, शेवटी प्रत्यक्ष कामासह. २०२१ च्या कायद्याने देशपातळीवरच्या आरोग्य व्यवसायांत त्याचा समावेशही झाला आहे. नंबर अशा प्रशिक्षित माणसाकडून काढून मग चष्मा आपल्या नेहमीच्या दुकानात करायला हरकत नाही. दुकानदार मात्र मापं घेणारा हवा.

कुणी विचार करून घ्यावा

प्रोग्रेसिव्ह ही बायफोकलवरची बढती नाही. काहींना तो सोयीचा नसतो, आणि त्यात कमीपणा नाही.

उणे अडीचच्या आसपासचा नंबर असलेले लोक चष्मा काढून वाचतात. चष्म्याशिवाय त्यांना ४० सेंटीमीटरवर संपूर्ण, मोकळं क्षेत्र मिळतं. त्यांनी प्रोग्रेसिव्ह घेतला तर खालचा पट्टा त्यांना कोंडल्यासारखा वाटतो. यांनी चष्मा काढून वाचण्याची सवय खुशाल ठेवावी. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असेल, तर खाली पाहताना एका डोळ्याची प्रतिमा वर आणि दुसऱ्याची खाली जाते. फरक दोन डायॉप्टरचा असेल आणि वाचनाचा भाग दहा मिलिमीटर खाली असेल, तर ही ओढ दोन प्रिझम डायॉप्टरची होते, आणि अनेकांच्या डोळ्यांना ती झेपत नाही. दिवसभर शिवणकाम किंवा सोन्याचं काम करणाऱ्याला रुंद क्षेत्राचा जवळचा चष्माच बरा. डोक्यावरच्या वायरी पाहणाऱ्या इलेक्ट्रिशियनला खालचा पट्टा कामाचा नाही. त्याला जवळचं वरच्या बाजूला दिसायला हवं. संगणकासमोर आठ तास बसणाऱ्यांसाठी ऑफिस लेन्स नावाचा वेगळा प्रकार मिळतो. त्यात मधलं आणि जवळचं क्षेत्र रुंद असतं, लांबचं नसतं. प्रोग्रेसिव्हच वापरायचा असेल तर पडदा डोळ्यांच्या पातळीखाली आणावा, नाहीतर हनुवटी वर करून करून मान धरते.

सर्वांत गंभीर बाब वयस्कांची. सिडनीच्या स्टीफन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ६३ ते ९० वयाच्या १५६ जणांचा अभ्यास केला. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांची पडण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक दिसली. कारण साधं आहे : खाली पाहिलं की वाचनाच्या भागातून पाहिलं जातं, आणि तो भाग ४० सेंटीमीटरसाठी घडवलेला असतो. दीड मीटरवरची पायरी त्यातून धूसरच दिसणार. २०१० मध्ये 'बीएमजे'मध्ये आलेल्या, ६०६ वृद्धांवरच्या पुढच्या चाचणीने बारकावा दाखवला. घराबाहेर नेहमी फिरणाऱ्यांना चालण्यासाठी नुसता लांबचा चष्मा दिला, तेव्हा त्यांचं पडणं सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. क्वचितच बाहेर पडणाऱ्यांना मात्र दोन चष्म्यांनी फायदा झाला नाही. घराबाहेर ते उलट जास्त पडले. म्हणून रोज बाजार, देऊळ, बाग असा फेरफटका असलेल्या आजी-आजोबांसाठी चालायचा एक साधा चष्मा करून ठेवावा. कर्नाळ्याच्या किल्ल्यावरून उतरताना पन्नाशीच्या ट्रेकरनेही तोच वापरावा. ज्यांना चक्कर येते, मानेचा विकार आहे किंवा चालण्यात तोल जातो, त्यांनी प्रोग्रेसिव्ह घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

चष्मा घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. दुकानदाराला आपलं काम आणि त्या कामाची अंतरं सांगा. पीडी आणि उंची तुमच्या चेहऱ्यावर, तुम्ही निवडलेल्या फ्रेमवर मोजायला लावा. सवय झाली नाही तर भिंग बदलून मिळेल का, किती दिवसांत, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. काही कंपन्या ही सवलत देतात. पंधरा दिवस चष्मा न चुकता वापरा. एवढं करूनही मान तिरकी करावी लागत असेल, तर काय खटकतं ते कागदावर लिहून दुकानात परत जा आणि मापं पुन्हा घ्यायला लावा. सवय लागत नाही म्हणून स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसू नका; बऱ्याचदा दोष काही मिलिमीटरचा असतो, आणि तो दुरुस्त होतो.